धडपड्याचा डावा हात

"बाई, जरा बघता का इकडे?" वकीलबाईने पडद्यावरची नजर न काढताच हाक मारली. "मशीन बिघडलंय की आतला माणूस, तेच मला कळेना."

वकीलबाई काही वकील नव्हती. रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात पंधरा वर्षं काढलेली, चाळिशीची तंत्रज्ञ होती. डॉक्टरांशी, रोग्यांशी आणि कोणी नसलं तर मशीनशीही वाद घालायची म्हणून तिचं नाव तसं पडलं होतं. जिला तिने हाक मारली ती विभागातली सगळ्यांत जुनी. चौतीस वर्षांत तिला सगळे नुसतं बाईच म्हणत आले होते, आणि चार महिन्यांनी ती निवृत्त व्हायची होती. तिने चहाचा पेला खिडकीत ठेवला, कोटाच्या टोकाने चष्मा पुसला आणि पडद्याकडे पाहिलं. डावा हात होता, कोपरापासून बोटांपर्यंत. मनगटाच्या जरा वर ताजी मोड. एवढं दिसलं आणि ती पडद्याच्या अगदी जवळ वाकली. मोडीमुळे नव्हे; तसल्या मोडी रोज दहा यायच्या. पण त्या मोडीच्या वर हाडाच्या सबंध लांबीभर जुन्या, भरून आलेल्या जागा होत्या, एकीला लागून दुसरी, दुसरीवर तिसरी, बांबूला पेरं असावीत तशा. आणि करंगळीकडच्या हाडाला मधोमध एक किंचित तिरकेपणा होता, घाईत बसवलेल्या चौकटीसारखा. तो तिरकेपणा तिला पाठ होता. त्या माणसाचा आवाज विसरायला तिला सात वर्षं लागली होती. चेहरा तर हल्ली मुद्दाम आठवावा लागे, आणि आठवला तरी नाक एकाचं आणि कपाळ भलत्याचंच असं व्हायचं. हे हाड मात्र तिने डोळे मिटून कागदावर काढून दाखवलं असतं.

"मशीन ठीक आहे," ती म्हणाली.

"मग हा काय सर्कशीत आहे? मोजा तरी किती वेळा मोडलाय हात."

"सव्वीस वेळा," ती म्हणून गेली आणि मग घाईने, "म्हणजे असतील पंचवीसतीस."

शिशाच्या काचेपलीकडे तो स्टुलावर पाठमोरा बसला होता. मान दिसत होती, खाकी शर्टाची कॉलर, आणि कानामागे थोडे पिकलेले केस. तिने मानेकडे फार वेळ पाहिलं नाही. पाहिलं तर पुन्हा फोटोकडेच, कारण त्यात दोन गोष्टी चुकत होत्या आणि त्या चुकत असल्याचं सगळ्या जगात फक्त तिला कळलं असतं. एक म्हणजे मनगटाच्या सांध्याच्या कडा झिजल्या होत्या. थोड्याशाच, चाळिशीपुढच्या कोणाही माणसाच्या झिजतात तशा. दुसरं म्हणजे ती ताजी मोड अगदी कोरी होती. "कधी पडला म्हणतो?" तिने विचारलं. "सकाळी आठला," वकीलबाई म्हणाली. आता साडेअकरा वाजून गेले होते. साडेतीन तास. पूर्वी या हाताचं हाड साडेतीन तासांत जवळजवळ जुळून यायचं, मोडीभोवती धुक्यासारखं नवं हाड धरायचं, आणि ते तिने आपल्या डोळ्यांनी, ओल्या फिल्मवर, लाल दिव्याखाली पाहिलं होतं.

तेव्हा विभाग तळघरात होता. पडदे नव्हते, संगणक नव्हते; फिल्म काढायची, अंधाऱ्या खोलीत रसायनात बुडवायची, चिमट्याला अडकवून वाळत घालायची, आणि दिवसभर बोटांना आंबूस वास यायचा तो साबणानेही जात नसे. ती सत्तावीस वर्षांची होती. तिशीतला वाटणारा एक माणूस डावा हात उजव्या हातात धरून आला, तान्हं मूल धरावं तसा. तिने फोटो काढला. डॉक्टरांना दुसऱ्या बाजूनेही हवा होता, पण डॉक्टर जेवायला गेले, कामं खोळंबली, आणि दुसरा फोटो काढेपर्यंत तास उलटून गेला. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी ठिबकत होत्या. पहिलीत हाड दुभंगलेलं, दुसरीत ते अर्धंअधिक भरलेलं. तिने आधी स्वतःला दोष दिला, मग रसायनाला, मग फिल्मवरचे आकडे तीनदा ताडून पाहिले. आणि मग बाहेर जाऊन ती त्याच्यासमोर बाकावर बसली. "हे दोन्ही फोटो तुमचे आहेत हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही," ती म्हणाली. "डॉक्टरांना काय सांगू?" "पडलो म्हणून सांगा." "ते पहिल्या फोटोसाठी झालं. दुसऱ्याचं काय?" तो हसला. हसताना त्याचा चेहरा एकदम लबाडी पकडल्या गेलेल्या माणसाचा झाला, आणि तिला वाटलं, याला बऱ्याच दिवसांत कोणी पकडलेलं नसावं. दुसरी फिल्म तिने कपाटात कागदांखाली घातली. नोकरीतला तिचा तो पहिला आणि शेवटचा गुन्हा. चार दिवसांनी तो हात हलवून दाखवायला आला, आणि मग काही दाखवायचं नसतानाही येत राहिला.

तो इस्त्रीच्या दुकानावर खोली घेऊन राहायचा. खाली दिवसभर इस्त्र्या चालायच्या, त्यामुळे वरची फरशी कोमट असे, आणि खिडकी उघडली की वाफेचा आणि कोऱ्या कापडाचा वास आत यायचा. खोलीत एक सतरंजी, एक पाण्याचं भांडं, दोन शर्ट. ती कामावरून सुटली की अनवाणी त्या कोमट फरशीवर भिंतीला टेकून बसायची आणि तो तिचे पाय मांडीवर घेऊन दाबायचा, कारण दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्यांचे गोळे झालेले असत. दोन महिने त्याने काही सांगितलं नाही. ती विचारायची, आज कुठे पडलास, आणि तो कुठलंतरी नाव घ्यायचा, जिना, गच्ची, पूल. मग एका रविवारी त्याने सांगितलं, आणि सांगताना तो इतका संकोचला होता की तिला वाटलं आता हा लग्न झालेलं असल्याचं सांगणार. "राक्षस म्हटलं की लोकांना शिंगं आठवतात," तो म्हणाला. "शिंगं नसतात. वजन असतं. घरात येतात आणि कोणाच्यातरी अंगावर बसतात. माणूस उठतो, कपडे करतो, कामावरही जातो, पण आत कोणी राहत नाही. वर्षभरात संपतो. लोक म्हणतात खचला. दुपारी ते सुस्तावतात, सरकारी कचेरीसारखे, दोन ते चार. तेव्हा धरायचे आणि उचलून बाहेर काढायचे. उचलताना मोडतं काहीतरी." त्याला कोणी नेमलं नव्हतं. कधीकाळी एका घरात शिरला आणि त्याला दिसलं, इतकंच. मग दिसायचं थांबलं नाही, आणि हात उचलायचा थांबला नाही तोवर वयही पुढे सरकलं नाही. "किती वर्षं?" तिने विचारलं. "मोजायचं सोडलं तेव्हा चारशे सत्तर झाली होती." ती हसली नाही, घाबरलीही नाही. तिने त्या फिल्म पाहिलेल्या होत्या. तिने एवढंच विचारलं, "आणि दुखतं का?" त्यावर त्याने डावा हात उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, "हे कोणी विचारलं नव्हतं. फार नाही दुखत. लगेच भरतं ना."

त्या दिवसांत तिच्या घरी आई होती, आणि आई नव्हतीही. वडील गेल्यापासून आठ महिने ती खिडकीशी खाटेवर बसून असायची. भरवलं तर खायची, उठवलं तर उठायची. ताई दर आठवड्याला यायची, डोळे पुसायची आणि म्हणायची, दुःख आहे गं, वेळ लागतो. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा दारातच थबकला. बूट काढले, हातातलं घड्याळ काढून तिच्याकडे दिलं आणि हळूच म्हणाला, "तू बाहेर थांब." ती थांबली नाही, उंबऱ्यावर उभी राहिली. भर दुपार होती, समोरच्या घरात कोणीतरी पीठ चाळत होतं, तो आवाजही तिला अजून आठवतो. "काकू, जरा मान खाली करता का?" तो अदबीने म्हणाला, आणि वाकून त्याने आईच्या खांद्यांवरच्या रिकाम्या हवेला मिठी घातली, हमाल पोत्याला घालतो तशी. खाट करकरत किंचित वर आली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की खाट आठ महिने वाकलेलीच होती, आईसारख्या मूठभर बाईने वाकावी त्याहून कितीतरी जास्त, आणि घरात ते कोणालाच दिसलं नव्हतं. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, टाचांखालची फरशी तडकली. मग तो आवाज झाला, सुकी फांदी पिळून मोडावी तसा. गळ्याचं हाड, तिच्या मनाने आपोआप नोंद केली, डावीकडचं. तो लटपटत तिच्याजवळून बाहेर गेला, काहीतरी ओढत, आणि ते अंगावरून गेलं तेव्हा तिला इतकं उदास वाटलं की आपण जन्मलोच कशाला असं क्षणभर खरंच मनात आलं. दार लागलं. खाटेवरून आई म्हणाली, "किती वाजले गं?" "साडेतीन." "मग चहा कसा ठेवला नाहीस अजून?" त्यानंतर आई एकोणीस वर्षं जगली, आणि एकोणीस वर्षं तिने चहाला उशीर होऊ दिला नाही. त्याला ती धडपड्या म्हणायची. सारखा पडतो म्हणून. "तुझा धडपड्या जेवायला आहे का आज?" असं ओरडून विचारायची, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने.

"बाई, बाजूचा फोटो घ्यावा लागेल. मी घेऊ?" वकीलबाईने विचारलं.

"मी घेते. तू प्लास्टरवाल्याला सांगून ये, आणि येताना एक्स-रेच्या प्लेटांच्या पेटीची किल्ली आण."

"किल्ली इथेच आहे की."

"मग नुसतंच सांगून ये," ती म्हणाली, आणि वकीलबाईने पंधरा वर्षांत पहिल्यांदाच वाद घातला नाही, नुसतं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गेली.

आतल्या दारापर्यंतची पावलं सहासात असतील. त्या तेवढ्या वेळात तिला गच्ची आठवली. ती रोजच आठवायची असं नाही. महिनेच्या महिने आठवायची नाही, आणि मग भाजी चिरताना, लिफ्टची वाट पाहताना एकदम समोर यायची. रुग्णालयाच्या गच्चीवर धुतलेल्या चादरी वाळत असत आणि त्या दोघांची दुपारची सुट्टी तिथेच जाई. आईला बरं वाटून पाच महिने झाले होते. त्या दिवशी तो म्हणाला की इथलं आता विरळ झालंय, दुसऱ्या शहरात खूप साचलंय, तिकडे जायला हवं. मग चादरीचं टोक बोटांनी दुमडत म्हणाला, "किंवा नाही जात. हात खाली ठेवतो. वय थांबलं होतं तिथून चालू होईल, तुझ्याबरोबर म्हातारा होईन. तू राहा म्हणालीस तर राहतो." ती त्याच्याकडे बघत राहिली. राहा हा शब्द तिच्या तोंडात आलेला होता, अगदी दातांपर्यंत. पण त्याच्यामागे खाट आली. अशा किती खाटा असतील, किती खिडक्या, त्यांच्याशी बसलेल्या किती आया. हा इथे माझे पाय दाबत बसला तर त्यांच्या अंगावरचं कोण उचलणार. हे खरं होतं, आणि पुढे तिने स्वतःला हेच सांगितलं. पण तेवढंच खरं नव्हतं. तिला रागही आला होता. एवढा मोठा निर्णय याने चादरीचं टोक दुमडावं तसा दुमडून आपल्या हातात का द्यावा, पुढे त्या शहरात माणसं मेली की ती कोणाच्या नावावर; आणि राहायचं तर याने आपण होऊन राहावं, आपल्याला विचारू नये, असं काहीसं बायकी, हट्टी, आत दुखणारं. तिने खालचा ओठ चावला आणि म्हणाली, "तुझं तू बघ." आई हट्टी पोरांना म्हणायची तसं. घरात दिवसातून दहादा म्हटलं जाणारं वाक्य, ज्याचा अर्थ कोणीही शब्दशः घेत नाही. चारशे सत्तर वर्षांच्या माणसाने घेतला. तो थोडा वेळ थांबला, कदाचित आणखी काही येईल म्हणून. तिनेही तेवढाच वेळ वाट पाहिली, तो आणखी एकदा विचारील म्हणून. मग सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि ती जिना उतरून कामाला गेली. जिन्यात तिने ठरवलं की संध्याकाळी नीट बोलू. संध्याकाळी इस्त्रीवाला म्हणाला, खोली दुपारीच सोडली त्यांनी.

नंतर तिने वाट पाहिली असं म्हणता येणार नाही. वाट पाहणारी माणसं दाराकडे बघतात. ती कामाकडे बघत होती. दोनदा मोठ्या रुग्णालयातून बोलावणं आलं, तिने नाकारलं. ताईने स्थळं आणली, त्यांतलं एक खरोखर चांगलं होतं, नाकारलं. लोक म्हणाले आईपायी राहिली, आणि तिने लोकांना तसं म्हणू दिलं, कारण ते सोयीचं होतं. खरं कारण सांगायला हास्यास्पद होतं. हाडं मोडली की माणूस एक्स-रे काढायला येणार, आणि तो आला तर त्याला ठिकाण माहीत असावं. शेवटच्या आजारात आईने एकदा विचारलं होतं, "माझ्यासाठी त्याला जाऊ दिलंस का गं?" "छे, तोच गेला," ती म्हणाली. "गेला की घालवलास?" आईने विचारलं आणि कूस बदलून झोपली. उत्तर ऐकायला तिला नको होतं, की ते तिला माहीत होतं, कोण जाणे.

"हात असा उभा धरा," ती आत जाऊन म्हणाली. "करंगळी खाली. अंगठा वर."

त्याने आधी हात धरला आणि मग वर पाहिलं. चेहरा तोच होता, आणि आता नाक-कपाळ सगळं जागच्या जागी बसलं. फक्त डोळ्यांखाली सैल पडलेला, हनुवटीखाली थोडा भरलेला. एखाद्या चाळिशीच्या, जेवणखाण वेळेवर होणाऱ्या माणसाचा. तिला एकदम आपले पांढरे केस, चष्म्याची दोरी, सुजरे घोटे, सगळं एकाच वेळी आठवलं. तिने हात कोटाच्या खिशात घातले.

"तू अजून इथेच आहेस," तो म्हणाला.

"चार महिने आहे अजून." तिने प्लेट सरकवली. "कुठे पडलात?"

तिने तुम्ही म्हटलेलं त्याला कळलं. "स्टुलावरून. पडद्याची दांडी बसवत होतो."

"पडद्याची दांडी."

"खरंच," तो म्हणाला, आणि तेच पकडल्या गेलेल्या माणसाचं हसू आलं, पण दुखण्याने अर्ध्यावर विझलं. "या वेळी खरंच पडलो."

"कधी सोडलंस?" तिने विचारलं. तूवर कधी आली ते तिचं तिलाही समजलं नाही.

"सहा वर्षं झाली. या गावातच. परत आलो होतो, इथे पुन्हा साचायला लागलं म्हणून. तुझ्या घरी गेलो तर तिथे दुसरेच लोक होते. आई गेली असं कळलं. तुझं काही कळलं नाही, कोणी म्हणालं बहिणीकडे गेली."

आई गेल्यावर ती ताईच्या गल्लीत खोली घेऊन राहिली होती, हे खरं होतं. "रुग्णालयात यायचं होतंस," ती म्हणाली.

"काय म्हणून येणार? तू सांगितलं होतंस."

तिला म्हणायचं होतं की मी काहीच सांगितलं नव्हतं, तेच तर चुकलं. पण हात उभा धरून त्याचा खांदा थरथरायला लागला होता, म्हणून तिने त्याच्या कोपराखाली उशी सारली. कातडी ऊन होती. चौतीस वर्षांत तिने हजारो हात असे उशीवर ठेवले होते. "मग कोणी सांगितलं सोड म्हणून?"

"कोणी नाही. तिला तर ठाऊकही नाही यातलं." तो दाराकडे पाहत म्हणाला, आणि बाहेर बाकावर कोणीतरी बसलेलं आहे हे तिच्या लक्षात आलं. "बेकरीत काम करते. दोनचारदा भेटलो होतो. एकदा निघताना म्हणाली, रविवारी घरी असशील ना? मी म्हटलं, असेन. मग राहिलो. पुढचा रविवारही राहिलो."

"एवढंच?"

"एवढंच."

खोलीत मशीनचा पंखा चालू होता, त्याची घरघर तिला रोज ऐकू येत नसे. "आणि लोक?" तिने विचारलं. आवाज चढला होता, तो तिने खाली आणला. "खिडकीत बसलेले लोक. त्यांचं कोण बघतं?"

"आठ दिवसांत दुसरी आली," तो म्हणाला. "विशीतली मुलगी आहे, दूधकेंद्रावर काम करायची. तिला एकदम दिसायला लागलं. पत्ता हुडकत माझ्याकडे आली, कसं धरायचं विचारायला. मला वाटतं एकाने हात खाली ठेवला की दुसऱ्याचा उठतो. असंच असणार पहिल्यापासून. माझ्यापेक्षा बरी आहे ती, कमी मोडून घेते."

"हे तेव्हा माहीत होतं तुला?"

"नाही. सोडल्याशिवाय कळणार कसं?"

ती काचेमागे गेली. श्वास रोखायला हाताच्या फोटोला सांगत नाहीत, छातीच्या फोटोला सांगतात, तरी ती सवयीने म्हणाली, "श्वास धरा." त्याने धरला. तिने बटण दाबलं आणि फोटो पडद्यावर आला. मोड सरळ होती, सरकली नव्हती, चांगली भरणार होती. आठ दिवस. तिने एकतीस वर्षं ज्या खाटांचं ओझं उचललं होतं, ज्यांच्यासाठी आपण एवढं सोसलं असं मनाला बजावत ती झोपी गेली होती, त्यांना फार तर आठ दिवस उशीर झाला असता. गच्चीवर ती राहा म्हणाली असती, तर पुढच्या आठवड्यात कोणीतरी पत्ता विचारत इस्त्रीच्या दुकानाचा जिना चढून आलं असतं आणि तिने त्याला चहा दिला असता. तिला रडू आलं नाही. फक्त पडद्यावरचं हाड थोडा वेळ धूसर दिसलं आणि ती चष्मा काढून पुसत बसली, काच स्वच्छ असूनही.

"आता सोडा श्वास," वकीलबाई दारातून म्हणाली. "किती वेळ धरायला लावलाय बिचाऱ्याला."

प्लास्टर घालायला तो शेजारच्या खोलीत गेला तेव्हा बाकावरची बाई उठून आली. पस्तिशीची असेल, गोल चेहऱ्याची, शर्टाच्या बाहीला पीठ लागलेलं. कामावरून तशीच धावत आली होती. हातात त्याचं जाकीट होतं, घडी घालून पोटाशी धरलेलं. "फार मोडलंय का हो?" तिने विचारलं.

"साधी मोड आहे. सहा आठवडे प्लास्टर. उचलू देऊ नका काही."

"सहा आठवडे?" तिने हिशेब केल्यासारखं छताकडे पाहिलं. "मग दांडी मीच बसवते. मी म्हणत होते सुताराला बोलवू, पण ऐकतील तर शपथ." मग जवळ येऊन, आवाज खाली करून म्हणाली, "बाई, एक विचारू? फोटोत काही जुनं दिसतं का? हे काही सांगत नाहीत. झोपेत हा हात असा धरून ठेवतात."

तिच्यासमोर पडद्यावर ते सगळं होतं. सव्वीस पेरं, आणि तिने न पाहिलेल्या वर्षांतली आणखी किती. बोट ठेवून दाखवायचा अवकाश होता. तिला वाटलं सांगावं. आणि क्षणभर सांगण्यात तिचं काहीतरी परत मिळाल्यासारखंही झालं असतं, कारण एवढी एक गोष्ट त्याच्याबद्दल या बाईला माहीत नव्हती आणि तिला होती. "लहानपणी बरेचदा पडले असतील," ती म्हणाली. "सगळं भरून आलेलं आहे. त्यातलं आता काही दुखायचं नाही."

"तसे भित्रेच आहेत हो," त्याची बायको म्हणाली, आणि हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं की बघवेना. "सुई म्हटलं की घाम फुटतो. मांजर आडवं आलं तर थांबतात. रस्ता ओलांडताना माझा हात धरतात, भर चौकात. मी म्हणते, एवढा मोठा बाप्या तू, कशाला भितोस? तर म्हणतात, आता भ्यायला हवं."

शेजारच्या खोलीतून त्याचा आवाज आला, प्लास्टरवाल्याला हळू, हळू म्हणणारा. तो आवाज ती ओळखत नव्हती. जो तिने ओळखला होता तो गळ्याचं हाड मोडताना हुं की चूं करत नसे. हा दुसराच कोणी होता, सुईला घाबरणारा, रविवारी घरी असणारा, आणि तिची त्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती. तिला त्याच्याविषयी एकदम फार कुतूहल वाटलं. तो कसा झोपतो, आजारी पडला की किरकिर करतो का, पिकलेले केस पहिल्यांदा दिसले तेव्हा काय म्हणाला. हे विचारायला समोरच एक माणूस उभं होतं आणि विचारता येत नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा बायकोने जाकीट त्याच्या खांद्यांवर घातलं, एक बाही मोकळी सोडून. त्याने बाईंकडे पाहिलं. काही बोलावं असं त्याच्या मनात होतं, ते दिसत होतं. पण पांढरं, ओलं, जड प्लास्टर त्याला नीट धरता येईना आणि तो त्यातच गुंतला. "गळ्यात बांधायची पट्टी खालच्या मजल्यावर मिळेल," ती म्हणाली. "हात हृदयाच्या वर ठेवा, सूज उतरेल. आणि सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढावा लागेल." तिने कॅलेंडर पाहून तारीख चिठ्ठीवर लिहिली, वाचता येईल अशी, मोठ्या अक्षरात. चिठ्ठी बायकोने घेतली. दोघं लिफ्टकडे गेली. लिफ्ट यायला वेळ लागला, आणि तो सगळा वेळ त्याची बायको त्याच्या दंडावरचे प्लास्टरचे शिंतोडे नखाने खरवडत होती.

बाकावर आणखी सातजण होते. पुढच्या रोग्याचं नाव पुकारायच्या आधी तिने खण उघडून रजेचा कोरा अर्ज काढला आणि चिठ्ठीवर लिहिलेलीच तारीख त्यावर घातली. वकीलबाईने मान लांब करून पाहिलं. "सहा आठवडे आधीच रजा टाकताय? कुठे जाणार आहात?"

"कुठे नाही. त्या दिवशी हाताच्या फोटोला येतील ते लोक. तू काढ, नीट काढ. मोड भरली की नाही तेवढं मला दुसऱ्या दिवशी सांग."

अर्जात कारणाचा रकाना असतो. पेन तिथे थोडं थांबलं. मग इतकी वर्षं सगळेच लिहीत आले तसं तिनेही लिहिलं, घरगुती, आणि खाली सही करून पुढचं नाव पुकारलं.